गुहागर ते विजापूर : एका रस्त्यावर मावलेला भूगोल आणि इतिहास



'पर्जन्यछायेचा प्रदेश' ही व्याख्या आपल्या मुलांना पाठ असते. "सह्याद्रीच्या पूर्वेला पाऊस कमी का पडतो?" असं विचारलं की वर्गातून धडाधड उत्तर येतं. पण "आपल्या गावाहून शंभर किलोमीटर पूर्वेला गेलो तर काय काय बदलेल?" असं विचारून बघा. वर्ग गप्प होतो. व्याख्या डोक्यात असते, पण डोळ्यासमोर काही नसतं.

यावर एक सोपा उपाय आहे. एकच रस्ता निवडायचा आणि तो नकाशावर बोट ठेवत पहिल्यापासून शेवटपर्यंत शिकवायचा. हा पाठ त्यासाठीच आहे. रस्ता निवडलाय गुहागर–चिपळूण–कराड–जत–विजापूर. महाराष्ट्रातला समुद्र, घाट, धरण, बागायत आणि दुष्काळ हे पाचही धडे एकाच रेषेवर ओळीने मांडणारे रस्ते थोडेच. हा त्यांतला एक.

इयत्ता सहावी ते नववीपर्यंत कुठेही हा पाठ घेता येईल. दोन तास पुरतात. महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशा, एक दोरा आणि रंगीत खडू एवढंच साहित्य लागतं. पालकांनी घरी घ्यायचा असेल तर मोबाईलवरचा नकाशाही चालेल.

रस्त्याची ओळख

हा रस्ता कित्येक वर्षं 'गुहागर–विजापूर राज्य महामार्ग' म्हणून ओळखला जायचा. आता त्याला राष्ट्रीय महामार्गाचा दर्जा मिळालाय, क्रमांक १६६ई. तरी एसटीच्या थांब्यावर, चहाच्या टपरीवर आणि बातम्यांमध्ये लोक अजून 'गुहागर–विजापूर रस्ता' असंच म्हणतात. मुलांनाही तेच नाव सांगा, कारण त्या नावातच या रस्त्याचा निम्मा इतिहास आहे.

लांबी साधारण सव्वातीनशे ते साडेतीनशे किलोमीटर. महाराष्ट्रात तो रत्नागिरी, सातारा आणि सांगली या तीन जिल्ह्यांतून जातो आणि मग कर्नाटकात शिरतो. वाटेत गुहागर, चिपळूण, पाटण, कराड, कडेगाव, खानापूर, कवठे महांकाळ आणि जत असे आठ तालुके लागतात. चिपळूणला तो मुंबई–गोवा महामार्गाला छेदतो, कराडला पुणे–बंगळूर महामार्गाला आणि नागजजवळ रत्नागिरी–नागपूर महामार्गाला. म्हणजे मोठे महामार्ग बहुतेक उत्तर-दक्षिण जातात आणि हा त्यांना आडवा शिवत पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो. मुलांना हे नकाशावर दोरा लावून दाखवा.

आता एक छोटं गणित. गुहागर साधारण ७३.२ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि विजापूर ७५.७ अंशावर. फरक अडीच अंशांचा. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे विजापूरला सूर्य गुहागरपेक्षा सुमारे दहा मिनिटं आधी उगवतो. रेखांश आणि वेळ हा धडा मुलांना ग्रीनिचवरून शिकवण्यापेक्षा गुहागरवरून शिकवला तर लवकर कळतो, हा माझा अनुभव आहे.

गुहागर आणि विजापूर यांची गाठ कुणी घातली?

मुलं हा प्रश्न हमखास विचारतात, आणि नाही विचारला तर आपण विचारावा. एक कोकणातलं समुद्रकाठचं गाव, दुसरं कर्नाटकातलं पठारावरचं शहर. यांचा संबंध काय?

उत्तरासाठी गुहागरच्या उत्तरेला वाशिष्ठी नदीचं मुख पाहा. मुखाच्या दक्षिणेला अंजनवेलचा गोपाळगड आहे, तर उत्तरेला दाभोळ. बहमनी आणि नंतर आदिलशाहीच्या काळात दाभोळ हे पश्चिम किनाऱ्यावरचं नावाजलेलं बंदर होतं. पंधराव्या शतकात हिंदुस्थानात आलेला रशियन व्यापारी अफानासी निकितिन परतताना दाभोळहूनच जहाजात बसला. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी हे बंदर लुटलं आणि जाळलं. ज्या बंदरात काहीच नाही ते कुणी लुटायला येत नाही, एवढं मुलांच्या लक्षात आणून द्या.

विजापूर ही आदिलशाहीची राजधानी. राजधानी पठारावर आणि समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे. अरबस्तानातले घोडे, परदेशी माल, मक्केला जाणारे यात्रेकरू या सगळ्यांना बंदर ते राजधानी अशी वाट हवी होती. ती वाट वाशिष्ठीच्या खोऱ्यातून चिपळूणला, तिथून कुंभार्ली घाटाने वर आणि पुढे कराडकडे जायची. १६३८-३९ च्या सुमारास इकडे आलेल्या मँडेल्स्लो या जर्मन प्रवाशाच्या वर्णनात विजापूर–दाभोळ वाटेवरच्या गावांची यादी आहे. उच्चार मोडतोड केलेले असले तरी पाटण, हेळवाक, घाटमाथा, चिपळूण ही नावं त्यात सहज ओळखू येतात. आज एसटीचा कंडक्टर जी नावं पुकारतो तीच! कराडच्या पुढे मात्र त्या वेळची वाट मिरजेच्या बाजूने जायची. म्हणजे आजचा डांबरी रस्ता जुन्या वाटेवर जसाच्या तसा बसलेला नाही, पण घाटातला आणि कोयनेच्या खोऱ्यातला भाग तोच आहे.

दाभोळच्या खाडीकाठी आदिलशाही काळातली एक देखणी मशीद आजही उभी आहे. विजापूरची एक राजकन्या मक्केला जायला म्हणून दाभोळपर्यंत आली, पुढचा प्रवास होऊ शकला नाही आणि बरोबर आणलेल्या पैशातून तिने ही मशीद बांधली, असं तिथे सांगतात. ही लोककथा आहे हे मुलांना स्पष्ट सांगावं. पण कथेतसुद्धा विजापूर आणि दाभोळ एकाच वाटेची दोन टोकं आहेत, हेही दाखवावं.

टप्पा पहिला : गुहागर ते चिपळूण

गुहागरला लांबलचक समुद्रकिनारा, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि व्याडेश्वराचं देऊळ. इथून शृंगारतळी, मार्गताम्हाणे करत रस्ता चिपळूणला येतो. रस्त्याच्या कडेला लाल-तांबूस दगड दिसतो तो जांभा. घरांच्या भिंती आणि बागांचे गडगे याच दगडाचे. छप्परं उतरती आणि कौलारू. मुलांना आत्ताच सांगून ठेवा की छपरांकडे लक्ष द्या, पुढे ती बदलणार आहेत.

चिपळूणला आजही गोवळकोट आहे. पूर्वी खाडीतून गलबतं इथपर्यंत वर यायची. इथे बोटीतला माल उतरायचा आणि बैलांच्या पाठीवर चढायचा. खालून मीठ, नारळ, सुकी मासळी वर जायची आणि घाटावरून गूळ, मिरची, कडधान्य खाली यायचं. बाजारपेठ कुठे वाढते? जिथे माल एका वाहनातून दुसऱ्या वाहनात बदलतो तिथे. चिपळूण हे त्याचं सरळ उदाहरण.

आणि याच वाशिष्ठीची दुसरी बाजूही सांगायला हवी. २२ जुलै २०२१ ला चिपळूण शहर पुरात बुडालं. बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं. त्याच दिवसांत घाटावर पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसं गाडली गेली. एकच पाऊस, घाटाच्या दोन्ही अंगांना.

टप्पा दुसरा : कुंभार्ली घाट

चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावरून कराडचा रस्ता सुरू होतो. खेर्डी, शिरगाव, पोफळी अशी गावं मागे पडतात आणि रस्ता वळणं घेत वर चढायला लागतो. बैलांच्या तांड्यांची ही जुनी पायवाट. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या अमलात इथे गाडीरस्ता झाला.

घाटात जांभा संपतो आणि काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट सुरू होतो. लाव्हाचे थर एकावर एक साचून हा डोंगर झालाय. पावसाळ्यात हा घाट फार देखणा दिसतो, पण दरडी, धुकं आणि खड्डे यांमुळे तितकाच अवघडही होतो. घाट बंद पडला की चिपळूणची घाटमाथ्यावरून येणारी भाजी आणि दूध अडकतं. चिपळूण–कराड रेल्वेची चर्चा कित्येक वर्षं चालू आहे, रूळ काही अजून पडलेले नाहीत. त्यामुळे इथल्या माणसांचं सगळं येणंजाणं या एका घाटावर आहे.

घाटमाथ्यावर थांबून (म्हणजे नकाशावर बोट थांबवून) मुलांना पाठातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारा : "इथे पावसाचा एक थेंब रस्त्याच्या पश्चिमेला पडला आणि दुसरा पूर्वेला पडला, तर दोघं कुठे पोचतील?"

पश्चिमेचा थेंब वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीत, अरबी समुद्रात जाईल. अंतर फार तर पाऊणशे किलोमीटर. पूर्वेचा थेंब कोयनेत, कोयनेतून कृष्णेत आणि कर्नाटक, तेलंगणा, आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागरात. हजार किलोमीटरच्या वर! जलविभाजक हा शब्द फळ्यावर लिहायचा तो आत्ता, आधी नाही.

टप्पा तिसरा : कोयना

घाट चढून आलं की हेळवाक. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना दक्षिणेकडे वाहत येते आणि हेळवाकजवळ काटकोनात वळून पूर्वेला कराडकडे निघते. या वळणाच्या वरच्या अंगाला, कोयनानगरला, धरण आहे. उंची सुमारे १०३ मीटर, साठवण सुमारे १०५ अब्ज घनफूट. मागचा शिवसागर जलाशय पन्नासेक किलोमीटर लांब पसरलाय.

धरण पूर्वेकडे वाहणाऱ्या नदीवर आहे, पण बरंचसं पाणी बोगद्यातून पश्चिमेला सोडलं जातं. का? कारण पश्चिमेला सह्याद्रीचा कडा आहे. तिथून पाणी जवळपास पावणेपाचशे मीटर खाली कोसळतं आणि पोफळीच्या डोंगराच्या पोटात बांधलेल्या वीजगृहातली चक्रं फिरवतं. मग ते पाणी वाशिष्ठीत जातं. १९६२ मध्ये इथली वीज सुरू झाली. आज चारही टप्पे मिळून क्षमता सुमारे १९६० मेगावॉट आहे. म्हणजे बंगालच्या उपसागराकडे निघालेला थेंब माणसाने मध्येच वळवून अरबी समुद्रात पाठवला. मघाच्या प्रश्नाचं उत्तर इथे बदलतं. मुलं यावर फार खूष होतात, कारण निसर्गाचा नियम आणि माणसाची करामत त्यांना एकाच जागी दिसते.

ही करामत फुकट झाली नाही, हेही तितक्याच ठळकपणे शिकवायला हवं. जलाशयात जवळपास शंभर गावं गेली. तिथली माणसं सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशा जिल्ह्यांत विखुरली. भाताची, नाचणीची शेती करणारा माणूस एकदम कोरडवाहू माळावर गेला. त्यांच्यातल्या कितीतरी कुटुंबांच्या पुढच्या पिढ्या हक्काच्या जमिनीसाठी अजून झगडताहेत. आपल्या वर्गात एखादं मूल 'कोयना पुनर्वसन' वसाहतीतलं असू शकतं. ते असेल तर हा पाठ त्याच्या आजी-आजोबांकडून ऐकावा, पुस्तकापेक्षा चांगला होईल.

आणि ११ डिसेंबर १९६७. पहाटे, माणसं झोपेत असताना कोयनेला भूकंप झाला. तीव्रता सहाच्या वर. कोयनानगर परिसरात सुमारे १८० माणसं गेली, हजारो घरं पडली. धरणाला तडे गेले, पण ते उभं राहिलं आणि पुढे मजबूत केलं गेलं. जलाशयातल्या पाण्याचा भार आणि खोल झिरपणारं पाणी यांचा भूकंपाशी संबंध असू शकतो का, या प्रश्नाचा अभ्यास करणारे जगभरचे शास्त्रज्ञ कोयनेचं नाव घेतात.

टप्पा चौथा : पाटण ते कराड

हेळवाकपासून रस्ता कोयनेच्या सोबतीनेच जातो. पाटण, मल्हारपेठ, विजयनगर आणि कराड. या पन्नास-पंचावन्न किलोमीटरच्या पट्ट्यात खिडकीबाहेर बघत राहिलं तर पाऊस कमी होताना अक्षरशः दिसतो. जंगल विरळ होतं, भातखाचरं मागे पडतात, मग भुईमूग, सोयाबीन, ज्वारी आणि कराड जवळ आलं की ऊसच ऊस.

कराडला कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन मिळतात. हा प्रीतिसंगम. संगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. पण कराडची ओळख त्याहून कितीतरी जुनी आहे. मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या स्तूपावर 'करहाकट' नगराच्या दानाचा लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचं हे नाव म्हणजे आपलं कराड. कोकणातल्या कुडा लेण्यात करहाकडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याने दिलेल्या दानाची नोंद आहे. कराडचा लोहव्यापारी कोकणात लेण्याला दान देतो, म्हणजे घाट उतरून जाणारा व्यापार तेव्हाही होता. कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात साठाहून जास्त बौद्ध लेणी आहेत, तीही त्याच काळाची साक्ष देतात.

या आधाराने मुलांना एक सवय लावता येते. 'इतिहास' म्हटलं की मुलं लगेच लढाई आणि राजा शोधतात. त्यांना म्हणा, आज व्यापारी शोधा. तो कुठून आला, काय विकत होता, कुठल्या वाटेने गेला? रस्त्याचा इतिहास असाच सापडतो.

टप्पा पाचवा : कराड ते विटा

कृष्णेचा पूल ओलांडला की ओगलेवाडी. १९१६ मध्ये सुरू झालेला ओगल्यांचा काचकारखाना इथला. त्यांचा 'प्रभाकर' कंदील एकेकाळी महाराष्ट्रातल्या घराघरात होता. आजीला विचारून या, असा गृहपाठ इथे देता येतो.

जवळच कृष्णाकाठी टेंभू आहे. गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म इथे १८५६ मध्ये झाला. आज टेंभू हे नाव दुष्काळी तालुक्यांत आगरकरांपेक्षा पाण्यासाठी जास्त घेतलं जातं. इथे कृष्णेचं पाणी अडवून पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवतात आणि कडेगाव, खानापूर, आटपाडी, सांगोल्यापर्यंत नेतात. टेंभू कराडच्या संगमाच्या खाली आहे, हे नकाशावर नीट दाखवा. म्हणजे कोयना धरणातून पूर्वेला सोडलेलं पाणीही इथे येतं आणि पंपांनी वर चढतं.

विचार करा, कोयनेचं काही पाणी पश्चिमेला पडून वीज तयार करतं आणि काही पाणी पूर्वेला वाहून जातं, त्याला वर चढवायला वीज लागते. एका वर्गात मी हे सांगितल्यावर एका मुलीने विचारलं, "मग सर, सगळं पाणी पूर्वेलाच सोडलं तर?" हा प्रश्न मोठमोठ्या माणसांनीही विचारलेला आहे. कृष्णा पाणीवाटपाच्या पहिल्या लवादाने कोयनेचं वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाणी पश्चिमेला वीजनिर्मितीसाठी वळवायला मुभा दिली. ते पाणी पूर्वेला दिलं तर वीज कमी, आणि वीज कमी झाली तर पंप कशावर चालणार? सोपं उत्तर नाही. मुलांना उत्तर देऊ नका, दोन गट करून वाद घालायला लावा.

कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे आहे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. पुढे विटा. इथलं आणि आसपासच्या गावांतलं एक वैशिष्ट्य म्हणजे गलाई व्यवसाय. सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारी इथली माणसं देशभरातल्या शहरांत पसरली आहेत. शेतीला पाणी नाही, म्हणून माणसं हुन्नर घेऊन बाहेर पडली. स्थलांतर हा धडा इथे आपोआप येतो.

टप्पा सहावा : जत

खानापूर, नागज ओलांडून रस्ता जतला येतो. आता छपरांकडे पुन्हा बघा. उतरती कौलं कधीच संपली. जुनी घरं सपाट छपराची, मातीच्या माळवदाची. जिथे पाऊस धो-धो पडतो तिथे छप्पर उतरतं, जिथे तो जेमतेम पडतो तिथे सपाट. हवामानाचा अख्खा धडा छपरावर लिहिलेला आहे.

पावसाचे ढोबळ आकडे फळ्यावर लिहा :

गुहागर–चिपळूण : वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर
कोयनानगर : पाच हजार मिलिमीटरच्या आसपास
कराड : सातशेच्या आसपास
जत : पाचशेच्या आसपास, आणि तोही बेभरवशाचा

म्हणजे दीड-दोनशे किलोमीटरच्या अंतरात पाऊस दहापट कमी होतो.

जत हे डफळे घराण्याचं संस्थान होतं. इथली माडग्याळी मेंढी प्रसिद्ध आहे. ज्वारी, बाजरी ही मुख्य पिकं. जिथे पाणी पोचलं तिथे द्राक्ष आणि डाळिंब. गुड्डापूरच्या दानम्मादेवीला महाराष्ट्र आणि कर्नाटक, दोन्हीकडचे भक्त येतात. तालुक्याच्या पूर्व भागात घरोघरी कन्नड बोलली जाते आणि जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. भाषा सीमेवरच्या पाटीपाशी एकदम बदलत नाही, हळूहळू एकमेकींत मिसळत जाते, हे मुलांना इथे समजतं.

याच तालुक्यात उमराणी आहे. १६७३ मध्ये विजापूरहून आलेल्या बहलोलखानाला प्रतापराव गुजरांनी इथे गाठलं. त्यांनी लढाई जिंकली ती मुख्यतः पाण्यावर. फौजेचं पाणी तोडलं आणि खान शरण आला. प्रतापरावांनी त्याला सोडून दिलं, महाराज नाराज झाले आणि त्याचा शेवट १६७४ मध्ये नेसरीला झाला. नेसरीची गोष्ट मुलांना माहीत असते, पण तिची सुरुवात एका कोरड्या मुलखातल्या पाणवठ्यावर झाली हे सहसा सांगितलं जात नाही.

साडेतीनशे वर्षांनंतरही जतचा प्रश्न पाण्याचाच आहे. 'पाणी देता येत नसेल तर कर्नाटकात जाऊ' असा ठराव पूर्व भागातल्या गावांनी काही वर्षांपूर्वी केला होता. २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी त्याचा उल्लेख केला तेव्हा दोन्ही राज्यांत खळबळ झाली. कृष्णेचं पाणी उचलणारी म्हैसाळ योजना जतच्या काही भागात पोचली आहे आणि राहिलेल्या गावांसाठी तिचा विस्तार हाती घेतलाय. सीमावादाचा धडा शिकवताना त्या ठरावातला 'पाणी' हा शब्द सोडू नका. तिथल्या माणसांचं म्हणणं त्या एका शब्दात आहे.

शेवटचं टोक : विजापूर

पुढे रस्ता कर्नाटकात शिरतो आणि विजापूरला पोचतो. २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव विजयपुर. लांबूनच गोलघुमट दिसतो. मुहम्मद आदिलशहाची ही कबर, १६५६ च्या सुमारास पुरी झालेली. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर. इतक्या मोठ्या घुमटाला आत एकही खांब नाही. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतलं आणि आदिलशाही संपली. राजधानी गेली, तसं दाभोळचं महत्त्वही ओसरलं. दोन्ही टोकांची भरभराट गेली, मधला रस्ता मात्र चालू राहिला, कारण मीठ, मिरची आणि गूळ यांना राजधानी लागत नाही.

वर्गात आणि घरी काय करता येईल

१. दोऱ्याचा नकाशा : भिंतीवरच्या नकाशावर गुहागर ते विजापूर दोरा लावा. प्रत्येक ठिकाणी चिठ्ठी अडकवा : दगड, छप्पर, पीक, भाकरी कशाची, पाऊस किती.

२. टँकरचं गणित : एक अब्ज घनफूट म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर एक अब्ज घनफुटात किती टँकर? (उत्तर : सुमारे २८ लाख ३२ हजार.) मग ६७.५ अब्ज घनफुटात? (सुमारे १९ कोटी ११ लाख.) मोठ्या संख्यांची भीती अशा उदाहरणांनी जाते.

३. बाटलीचं पर्जन्यमापक : सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली वरून कापा आणि कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. बाटलीचा तळ खडबडीत असतो, म्हणून सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत आधी पाणी भरा आणि तिथे शून्याची खूण करा. त्याच्या वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. उघड्या जागेत ठेवून रोज सकाळी एकाच वेळी वाचन घ्या आणि पाणी पुन्हा शून्यावर आणा.

४. शाळांची जोडी : आपली शाळा कुठेही असो, या रस्त्यावरच्या एका शाळेशी ओळख करून घ्या आणि दर आठवड्याला पावसाच्या नोंदी एकमेकांना पाठवा. चिपळूणच्या मुलाने एका दिवसात मोजलेला पाऊस जतच्या मुलाला महिनाभरात मिळत नाही, हे आकडे ती मुलं स्वतःच लिहितील. त्यानंतर पर्जन्यछायेची व्याख्या पाठ करून घ्यावी लागणार नाही.

उजळणीचे प्रश्न

- या रस्त्यावर जलविभाजक कुठे आहे? तो कसा ओळखाल?
- चिपळूणला बाजारपेठ का वाढली असेल?
- कराडच्या व्यापाऱ्याचं नाव कोकणातल्या लेण्यात का सापडतं?
- कोयना धरणामुळे कुणाला काय मिळालं आणि कुणाचं काय गेलं? दोन रकाने करून लिहा.
- आपल्या गावातून जाणारा रस्ता पूर्वी कुणासाठी आणि कशासाठी होता? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.

शेवटच्या प्रश्नाला भरपूर वेळ द्या. आपल्या दारातल्या रस्त्याचा इतिहास बहुतेक वेळा कुठल्या पुस्तकात नसतो. तो गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे असतो, आणि तो विचारायला आपल्या मुलांशिवाय दुसरं कुणी जाणार नाही.